विमानतळाचं घोंगडं

दारात कुणी उभं राहिलं की बनुबाई आधी त्याच्या पायांकडं बघायची. चपला नव्या असल्या तर तिच्या लेखी तो ठक, आणि फाटक्या असल्या तरी ठकच, फक्त धंद्यात अजून बस्तान न बसलेला. इस्लामपूरचा जयराज आला तेव्हा त्याच्या पायांत चकचकीत बूट होते. म्हणजे विचारायलाच नको.

आटपाडीच्या पलीकडच्या त्या वाडीत तो घोंगडं शोधत आला होता. मोठ्या शहरातलं विमानतळ वाढवायचं काम निघालंय, जुन्याला लागून काचेचं नवं टर्मिनल उभं राहतंय आणि तिथल्या एका भिंतीवर या मुलखातलं काळं घोंगडं लावायचंय, असं तो सांगत होता. तो ज्या ठेकेदाराकडं कामाला होता, त्यानं असल्या वस्तू जमवायचं काम त्याच्यावर सोपवलं होतं.

"भितीवर?" बनुबाई म्हणाली. "घोंगडं अंथरायचं असतंय, न्हाईतर पांघरायचं. भितीला काय थंडी वाजतीया?"

"शोभेसाठी, मामी. विमानातनं उतरल्यालं माणूस आधी तेच बघंल."

तिचा नवरा गुंडा तेवढ्यानंच हरखला. त्याचा जन्म मेंढरांमागं आणि मागावर गेला होता. त्यानं विमानतळाची चौकशीच सुरू केली. जयराजनंही हौसेनं सांगितलं की आत चालायला इतकं लांब आहे की माणसं दमू नयेत म्हणून सरकता रस्ता केलाय. आपण उभं राहायचं, रस्ताच चालतो. गुंडानं ते तीनदा विचारून घेतलं. बनुबाईनं मात्र तिथंच त्याचा निकाल लावला. रस्ता चालतो म्हणणारा माणूस आणखी काय काय म्हणेल याचा नेम नव्हता.

तिचंही अगदीच चुकत नव्हतं. मागं एक जण प्रदर्शनाला म्हणून दोन घोंगडी घेऊन गेला होता. त्याचं प्रदर्शन अजून चालूच आहे.

तरी घोंगडं विणलं गेलं. उन्हाळाभर बनुबाईनं घरच्या मेंढरांची लोकर कातली आणि चिंचोक्याची खळ शिजवली. मागासाठी जमिनीत खड्डा असतो, विणणाऱ्यानं त्यात पाय सोडून बसायचं. गुंडाचे गुडघे कधीच गेले होते. रोज संध्याकाळी त्याला दोघांनी बखोटीला धरून वर काढावं लागे. सगळ्या पट्ट्या जोडून झाल्या तेव्हा घोंगडं अख्ख्या अंगणात मावेना.

"ह्यापुढं न्हाई," तो म्हणाला. "मागावरचं हे शेवटचं."

वाडीत त्यानं घरोघरी सांगितलं होतं की आपल्या हातचं काम विमानतळावर लागणार. हे घोंगडं नाहीसं झालं असतं तर त्याच्या हातात दाखवायला गुडघ्यांशिवाय काही उरलं नसतं. बनुबाईला तेच सहन होण्यासारखं नव्हतं.

तिकडं शब्द पक्का करायचा तर माणसाला बिरोबाचा भंडारा उचलायला लावतात. ती हळद हातात घेऊन दिलेला शब्द मोडला की पुढचं देव बघून घेतो. जयराजला भंडारा उचलायला लावायचाच, असं बनुबाईनं ठरवलं आणि गुंडाला तसं सांगितलं.

"गप बस," गुंडा म्हणाला. "इतक्या लांबनं आल्याल्या माणसाला असं करतीस? त्येला काय वाटंल?"

ती गप्प बसली, म्हणजे तोंडानं. जयराज न्यायला यायच्या दिवशी गुंडा अंघोळीला गेला तेवढ्यात तिनं भंडाऱ्याची पुडी बांधली, घोंगड्याच्या काठाच्या दुमडीत सारली आणि वरून काळ्या लोकरीनं शिवून टाकली. मग गठ्ठा बांधला.

"तूच उचल, बाबा," ती जयराजला म्हणाली. "दुसऱ्या कुनाला हात लावू दिऊ नको."

जयराजला तो मान वाटला. घामाघूम होत त्यानं गठ्ठा खांद्यावर घेतला. उचलला भंडारा, बनुबाई मनात म्हणाली, आता पळून दाखव.

पोचल्यावर फोन करतो, असं तो सांगून गेला होता. फोन आला नाही. गुंडानं केला तर बंद. दुसऱ्या दिवशी बंद, त्याच्या दुसऱ्या दिवशीही बंद.

"बापू, इमान उडालं वाटतं," वाडीतला हरिबा गुंडाला बघून पारावरून ओरडला. माणसं हसली. त्यानंतर गुंडा पाराकडं जाईनासा झाला. दिवसभर मागाच्या खड्ड्याकडं बघत बसायचा. बनुबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. शेवटी तिनं त्याला एसटीत घातलं आणि दोघं इस्लामपूरला निघाली. वाटभर ती मनाशी घोकत होती की दारातच त्याला चोर म्हणायचं, आणि चार शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्यानं.

घर विचारत विचारत सापडलं. दार अर्धंच उघडलं गेलं. आतून जयराजची बायको संयोगिता डोकावली आणि तिनं दोघांना असं निरखलं की बनुबाईला क्षणभर आरशात बघितल्यासारखं झालं.

"घोंगडंवाली तुमीच का?" संयोगिता म्हणाली. "या. बघा काय झालंय ते."

जयराज आत भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तो उठायला लागला तर संयोगितानं त्याला खाली बसवलं आणि स्वतःच बोलायला लागली. विमानतळाचं जुनं अंग चालू ठेवूनच नवं बांधतात, त्यामुळं आत जाणारी वीटसुद्धा तपासली जाते. फाटकावर घोंगडं उलगडलं, काठ उसवला आणि पिवळी पूड सांडली. शिट्ट्या झाल्या, माणसं पळाली. जयराजला धरून बसवलं, फोन काढून घेतला. ही कसली पावडर, कुणी दिली, कुणासाठी आणली? पूड तपासून नुसती हळद निघेपर्यंत त्याला सोडलं नाही. आणि सोडल्यावर ठेकेदारानं कामावरून काढलं.

"पुडी माझीच हाय म्हनून सांगितलं ह्यांनी," ती म्हणाली. "आमी जोतिबाची मानसं. आमच्या घरात गुलाल असतोय, भंडारा न्हाई. कुनाची पुडी ती?"

बनुबाईनं मान खाली घातली. गुंडानं तिच्याकडं बघितलं, आणि त्याला सगळं कळलं.

"घोंगडं?" त्यानं हळूच विचारलं.

"लागलं, मामा. भितीवर चढवताना बघूनच निघालो. फोटू काढून आनला आस्ता, पर फोन अजून त्यांच्याकडंच हाय."

"मग ते खरं कशावरनं?" बनुबाईच्या तोंडून निघून गेलं. ती तिची जीभच होती, तिला आवरता आली नाही.

जयराज रागावला नाही. "निस्तं सांगतोय, मामी."

आता मात्र तिला राहवेना. "पुडी म्या शिवली हुती," ती म्हणाली.

"ठावं हाय की. काठाला तुमचाच टाका हुता."

"मग माजं नाव का न्हाई घेतलंस, रं?"

"घेतलं आस्तं तर वाडीत पोलीस आलं आस्तं." तो थोडा हसला. "आन् तुमी देवाचा आशीर्वाद म्हनून संगं दिल्याला. त्येच्यापायी तुमाला कसं आडकवू?"

तिथं गप्प राहिली असती तर सगळं निभावलं असतं. संयोगिताचा चेहराही जरा सैल झाला होता. पण खोटा मान बनुबाईच्या पचनी पडणारा नव्हता.

"आशीर्वाद न्हवता त्यो," ती म्हणाली. "तू घोंगडं घिऊन पळशील म्हनून तुला न सांगता भंडारा उचलाय लावला म्या."

जयराज तिच्याकडं बघत राहिला. इतक्या दिवसांच्या चौकशीनं उतरला नव्हता तेवढा त्याचा चेहरा आता उतरला.

"तिथं ज्यो त्यो मला चोर म्हनत हुता," तो म्हणाला. "तवा वाटायचं, म्हनू देत. वाडीत दोन मानसं हायत, ती तसं म्हननार न्हाईत."

बनुबाईनं पदर तोंडाला लावला. गुंडा भिंतीला धरत, गुडघे सावरत कसाबसा खाली बसला आणि जयराजच्या शेजारी सरकला.

"दोन न्हवती, बाबा," तो म्हणाला. "एकच हुतं."