एका पंख्याचं ग्राफिक्स कार्ड

मी बोलतोय, कंप्युटरच्या पोटातलं ग्राफिक्स कार्ड. ओळखलं नाहीत ना? बरोबरच आहे, पोटातल्याला कोण विचारतंय! पडद्यावर चित्र गरागरा फिरतं, ते मी फिरवतो. म्हणजे फिरवायला पाहिजे. पुढं ऐका, मग हसा.

आम्ही तिघं भाऊ. नाव एकच, मेंदू एकच, कारखानाही एकच. फरक काय तो कपड्यांचा. थोरल्याला दोन पंखे. मधल्याला दोन पंखे आणि वर रंगीत दिवे. मला एकच पंखा, दिव्याच्या नावानं अंधार. म्हणून मी सगळ्यात स्वस्त. गिऱ्हाईक मला बघून असं तोंड वाकडं करायचं, जसा काही मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला आलोय.

एक दिवस ताई आल्या. ताई लोकांची स्वयंपाकघरं कंप्युटरवर काढून देतात, ओटा इथं, कपाट तिथं. सोबत नवरा आणि मामा. ताईंचा कंप्युटर म्हातारा, चित्र फिरवलं की धापा टाकायचा. आणि एका डॉक्टरबाईंना त्यांचं नवं स्वयंपाकघर फिरवून दाखवायचं होतं. नाही जमलं तर काम दुसऱ्या कुणा स्वयंपाकघरं काढणाऱ्याकडं जाणार.

"दिव्यांचं घेऊ," नवरा म्हणाला.

"कंप्युटर टेबलाखाली असतो. दिवे काय माझ्या पायांना दाखवू?"

मामा म्हणाले, "दोन पंख्यांचं घे गं. एक बंद पडला तर दुसरा आहे."

"मामा, हे छताला नाही टांगायचं!"

दुकानदार पक्का लबाड. बोलेल त्याच्याकडं बघून मान डोलवायचा. "दिवे पाहिजेतच साहेब. दोन पंखे म्हणजे दोन पंखे, मामा. ताई, तुमचं तर एकदम बरोबर."

एवढ्या वेळात लोक सून पसंत करतात. शेवटी ताईंनी मलाच उचललं. "आतलं सारखंच आहे ना? मग झालं."

"चाललं नाही तर माझ्याकडं रडत येऊ नकोस," नवरा फुगून म्हणाला.

घरी आणून मला बसवलं. आता खरी गंमत. पडद्याची वायर कंप्युटरच्या जुन्या भोकात ढिली बसायची, म्हणून मामांनी कधीतरी तिला चिकटपट्टी लावलेली. मामांची पट्टी म्हणजे घरातला कायदा! नळाला पट्टी, रिमोटला पट्टी, स्वतःच्या चष्म्यालाही पट्टी. लावली की कुणी काढायची नाही. मग काय, वायर जुन्याच भोकात राहिली आणि मी शेजारी मोकळा. माझं चित्र पडद्यावर जायला वाटच नाही!

मी आपला पंखा फिरवत पडून राहिलो, घरजावयासारखा. वर कौतुक! मामा डोळे बारीक करून म्हणाले, "केवढा फरक पडला! रंग बघ, रंग!" नवराही म्हणाला, "हं, जरा स्वच्छ दिसतंय." मला हसू आवरेना.

ताई मात्र हसत नव्हत्या. चित्र पहिल्यासारखंच अडकत होतं.

डॉक्टरबाई आल्या. ताईंनी स्वयंपाकघर फिरवलं. ओटा अर्ध्यात आला आणि गाढवासारखा अडून बसला. बाईंनी पर्स मांडीवर घेतली. नवरा कानाशी पुटपुटला, "घे, स्वस्तातलं घे!" ताईंचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा मात्र माझंही हसू पळालं.

ताई तडक टेबलाखाली शिरल्या. बघतात तर माझं भोक रिकामं.

"मामा, तुमची पट्टी काढते."

"अगं हात लावू नकोस! तिच्यामुळं सगळं चाललंय!"

"तिच्यामुळंच अडलंय!" आणि ओढली की टर्रकन.

वायर मला लागली आणि मी खडबडून उठलो. असा धावलो म्हणून सांगू! ओटा फिरला, कपाटं उघडली, खण लोण्यासारखे सरकले. बाईंनी पर्स खाली ठेवली. "तो कोपऱ्यातला खण परत उघडा बघू." काम ताईंनाच मिळालं.

तेव्हापासून राबतोय, अंगातून वाफा निघतात. तुम्हाला एवढंच सांगणं, दुकानात हवं तेवढं भांडा, पंखे मोजा, दिवे बघा. पण घरी आणल्यावर एकदा वाकून मागं बघा, गरीब बिचारा कामाला लागलाय का नुसता कौतुक खातोय.

नवरा आता आल्यागेल्याला सांगतो, "आम्ही मुद्दाम साधंच घेतलं. माणसानं आतलं बघावं."

"हो ना," ताई म्हणतात, "यांचीच निवड." आणि टेबलाखाली पायाच्या अंगठ्यानं मला हळूच ढोसतात.