लाल पंधरवडा

ऑफिसात सगळे तिला आभाळबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पाठीमागेही म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. डोंगरावरच्या पडक्या प्राचीन नगरीच्या सहली काढणारं ते ऑफिस. वर कधी ऊन, कधी पाऊस, कधी धुकं, हे बघून गिऱ्हाइकांना तारखा सुचवायच्या, हे तिचं काम. तिच्या खुर्चीमागे भिंतीवर तिनेच केलेला तक्ता होता. वर्षाचे चोवीस पंधरवडे, तीन रंगांत. हिरवा म्हणजे खुशाल जा, पिवळा म्हणजे आपल्या जबाबदारीवर, लाल म्हणजे नावच काढू नका.

आणि वीस वर्षं लोकांना डोंगरावर पाठवणारी ही बाई आज सकाळपासून स्वतःच्या बापासाठी दोन पास शोधत होती आणि मिळत नव्हते. डोक्याला नुसता ताप! वर दिवसाला चारशे माणसं सोडतात. हिरवे पंधरवडे सहा. त्यातला एकेक दिवस पाच महिने आधीच भरलेला. दुपारपर्यंत तिने पास देणाऱ्या कचेरीला नऊ फोन केले. तीनदा कुणी उचललाच नाही, पाचदा 'थांबा' म्हणून थांबवून ठेवलं, आणि एकदा एक माणूस जांभई देत म्हणाला, "बाई, जरा आधी ठरवत जा की!"

आधी ठरवत जा! आभाळबाईला! तिने फोन असा आपटला की शेजारच्या टेबलावरचा पेन गडगडत खाली गेला.

मग ती मालकांकडे गेली. "ऑफिसच्या कोट्यातले दोन द्या. वडिलांना न्यायचंय."

"कुठून देऊ?" मालकांनी हात वर केले. "हिरव्याशिवाय जाऊ नका असं तुम्हीच तर गिऱ्हाइकांच्या डोक्यात भरवलंय. सगळे त्यातच घुसतात. पुढच्या वर्षी बघू ना!"

पुढच्या वर्षी. तिला ओरडावंसं वाटलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, एका डोळ्याचं मधलं गेलंय, दुसऱ्याचं जातंय. कडेकडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. जे काही बघायचं असेल ते वर्षाच्या आत बघून घ्या.

आणि बाबांना बघायचं होतं ते एकच. एक गटार.

हो, गटारच. बाबा तरुणपणी त्या नगरीच्या उत्खननावर नकाशे काढायला होते. सगळ्या पडक्या भिंती, पायऱ्या, हौद त्यांनी फीत लावून मोजले आणि कागदावर उतरवले. त्या कामाचा एक नियम होता, जो ते तिला लहानपणापासून सांगत आले होते : मोजलेलं असेल तर सलग रेघ, अंदाज असेल तर तुटक रेघ. यात लबाडी नाही. पण शेवटच्या दिवशी पश्चिमेच्या चौथऱ्याखालचं दगडी गटार मोजता मोजता धुकं उतरलं. खाली सामान बांधून खेचरं उभी, वरचे साहेब "चला, चला" करून ओरडतायत. शेवटचा चाळीस हातांचा तुकडा बाबांनी मोजलाच नाही. हौदापर्यंत सरळ जात असणार, असं धरून सरळ रेघ मारली. आणि मारली ती सलग. पुढे खोदकाम बंद पडलं, तोच नकाशा छापला गेला, पुस्तकात गेला, नगरीच्या दारातल्या पाटीवर गेला. चाळीस वर्षं कुणीही विचारलं नाही. गटाराचं कोण विचारतंय?

"मला विचारतंय ना," बाबा म्हणायचे. "रोज विचारतंय. एकदा डोळ्यांनी बघू दे, सरळ जातं की नाही ते."

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नकाशा पसरून बसले होते. चहा कपात ओतताना बशीत गेला होता, बशीतून नकाशाच्या कोपऱ्यावर. तिचं डोकं आधीच तापलेलं.

"अहो बाबा, बघून तरी ओता!"

"बघूनच ओतला," ते शांतपणे म्हणाले. "मिळाले का पास?"

"नाही मिळाले. हिरवा सगळा भरलाय. पिवळासुद्धा भरलाय."

"मग लालमध्ये जाऊ."

"लालमध्ये? शहात्तर वर्षांचे आहात तुम्ही! लाल म्हणजे लाल. धुकं, पाऊस, निसरडी वाट. मी परक्या माणसाला पाठवत नाही, तुम्हाला नेऊ?"

"दोन वर्षांपूर्वी हिरवा होता, तेव्हा तुला सुट्टी नव्हती. मागच्या वर्षी पास हातात होते, तर पिवळा म्हणून तू परत केलेस." त्यांनी फडक्याने नकाशा टिपला, पण ओल्या जागेच्या बाजूलाच टिपला. "लाल कुणी ठरवला गं? आभाळाने?"

"मी ठरवला!" ती म्हणाली आणि तरातरा आत निघून गेली.

पण ते वाक्य तिला रात्रभर टोचत राहिलं. सकाळी ऑफिसात सगळ्यांच्या आधी जाऊन तिने कपाटातली जुनी वही काढली. वर राहणारा पहारेकरी सकाळ-दुपार आभाळ कसं होतं ते लिहून ठेवायचा, त्या नोंदींची ही नक्कल. याच वहीवरून तिने पहिला तक्ता केला होता. त्या पहिल्या तक्त्यात हिरवे पंधरवडे बारा होते.

मग बाराचे सहा कसे झाले? तिला सगळं आठवलं, आणि आठवताना कान गरम झाले. पहिल्याच वर्षी एक गिऱ्हाईक हिरव्याच्या टोकाला गेलं, भिजलं आणि परत येऊन ऑफिस डोक्यावर घेतलं. मालक म्हणाले, दोन्ही टोकांचा एकेक पंधरवडा कापा, कटकट नको. कापला. पुढे आणखी एक तक्रार आली, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा तर कुणी सांगितलंही नव्हतं, तिने आपणहूनच कापला. हिरव्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं लाल. आभाळ होतं तिथेच होतं. ही बाई मात्र दरवेळी एक पंधरवडा मागे सरकली. आता बोला!

तिने समोर येणारा लाल पंधरवडा वहीत शोधला. 'सकाळी स्वच्छ, दुपारी ढग.' 'सकाळी धुकं, नऊला उघडलं.' 'सकाळी स्वच्छ.' सहा वर्षांच्या नोंदी होत्या. पंधरापैकी दहा-अकरा सकाळी दरवर्षी मोकळ्या. एवढ्या मोकळ्या सकाळींवर तिने लाल रंग फासला होता, आणि सगळ्या जगाला सहा पंधरवड्यांत कोंबून आता स्वतःच्या बापाला जागा नाही म्हणून फोन आपटत बसली होती. तिने कपाळावर हात मारून घेतला. मग मालकांच्या टेबलावर सुट्टीचा अर्ज ठेवला आणि उत्तराची वाट न बघता निघाली.

दहा दिवसांनी बापलेक डोंगराच्या पायथ्याशी उतरले. बसमध्ये बाबा खिडकीकडे खांदा करून, मान वाकडी करून बाहेर बघत होते. "मान आखडेल," ती म्हणाली. "आखडू दे," ते म्हणाले. तिला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट.

पासच्या खिडकीपुढे चिटपाखरू नव्हतं. आतला कारकून स्वेटरमध्ये मान घालून बसला होता.

"दोघांचे पास द्या. उद्याचे आणि परवाचे."

"या दिवसांत?" त्याने मान बाहेर काढली. "अहो, तक्ता बघा की!" आणि त्याने काचेवर आतून चिकटवलेल्या कागदावर बोट आपटलं.

तिचाच तक्ता. नकलेची नक्कल होऊन रंग फिके पडलेले, पण कोपऱ्यातलं तिचं वळणदार अक्षर तसंच.

"हा तक्ता मीच केलाय," ती म्हणाली.

"मग तुम्हाला तर कळायला हवं," कारकून म्हणाला.

तिने चिडून पासचे पैसे खिडकीत आपटले. बाबा मात्र मागे उभे राहून हसत होते, खांदे हलेपर्यंत. शेवटी कारकुनाने पुटपुटत, 'आमची जबाबदारी नाही' अशा कागदावर तिची सही घेतली आणि पास दिले.

पहिला दिवस फुकट गेला. सकाळी सातला दार उघडलं तेव्हापासून दुपारी दोनपर्यंत नुसतं पांढरं. पुढे केलेला हात दिसेना. ती पायऱ्यांवर बसून घड्याळ बघत होती, उठत होती, परत बसत होती. वही म्हणते नऊला उघडतं. कुठे उघडतंय? ती पहारेकऱ्याला बोलली, आभाळाला बोलली, स्वतःला तर सगळ्यात जास्त बोलली.

"बस गं एका जागी," बाबा म्हणाले. "पंधरापैकी अकरा म्हणालीस ना? हा उरलेल्या चारांतला."

"आणि उद्याचाही चारांतलाच निघाला तर?"

बाबा खिशातून फीत काढून तिचं टोक अंगठ्याने घासत राहिले. कापडाची जुनी फीत, चाळीस वर्षांपूर्वीचीच.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेपासून जागी होती. सातला दारातून आत शिरले तेव्हा धुकं होतंच, पण पातळ. बाबांचा हात धरून ती एकेक पायरी चढवत होती. पश्चिमेच्या चौथऱ्याशी पोचायला दीड तास लागला. तिथे बाबांनी जोत्यावर टेकून दम घेतला, आणि तेवढ्यात, खरोखर तेवढ्यात, वारा आला. समोरचं पांढरं फाटलं. आधी हौद दिसला, मग पायऱ्या, मग खालचा सगळा उतार, आणि वर निळं आभाळ, एक ढग नाही. गवतातून गटाराच्या दगडी कडा लांबवर चमकत होत्या. वीस वर्षं ती लोकांना फोनवर ज्याचं वर्णन सांगत होती ते पहिल्यांदा तिच्या समोर होतं. तिला आनंदाने रडू येईल असं वाटलं. लाल पंधरवड्यात! बघा म्हणावं त्या कारकुनाला!

"बाबा!" ती म्हणाली. "बाबा, बघा!"

बाबा उठले. गटाराच्या दिशेला तोंड करून उभे राहिले. मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, बसमध्ये वळवत होते तशी. बराच वेळ. मग त्यांनी विचारलं,

"धुकं कधी हटेल गं?"

बशीतला चहा, भलतीकडेच टिपलेलं फडकं, आखडलेली मान, सगळं एकदम तिच्यासमोर आलं. खोटं बोलणं सोपं होतं. हटेल थोड्या वेळाने, म्हणायचं आणि खाली घेऊन जायचं. तिच्या जिभेवर ते आलंही होतं.

"धुकं नाहीये, बाबा," ती म्हणाली. "आभाळ स्वच्छ आहे. ऊन पडलंय."

त्यांनी तळहात वर करून ऊन चाचपलं. पडलं होतं. मग हळूच जोत्यावर बसले.

"मग तू बघ," ते म्हणाले. "सरळ जातं का?"

ती गटाराच्या काठाकाठाने गवत पायाने बाजूला सारत गेली. वीस हात सरळ गेलं. पंचवीस हात गेलं. आणि मग दगड डावीकडे वळले, थेट वळले, आणि पायऱ्यांच्या खाली शिरले. हौद उजव्या अंगाला कोरडा राहिला होता.

ती परत आली. "वळतं. पंचविसाव्या हाताला डावीकडे. हौदाला जातच नाही."

"चूक," बाबा म्हणाले. "चूकच होती. चाळीस वर्षं सलग." आणि त्यांनी मांडीवर मूठ आपटली. डोळे पाण्याने भरले होते.

ती त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "मागच्या वर्षी आणलं असतं तर तुम्हाला दिसलं असतं."

"मागच्या वर्षी पिवळा होता," बाबा म्हणाले. टोमणा नव्हता त्यात, साधं सांगितलं. मग त्यांनी तिचा हात शोधून त्यात फितीचं टोक दिलं. "जा, वळणापर्यंत धर. ढग यायच्या आत नीट मोजून घेऊ."