रिकाम्या स्वयंपाकघराचा आवाज

चित्रपट महोत्सवाला प्रवेशिका पाठवायची मुदत संध्याकाळी सहाला संपणार होती. दुपारी दोन वाजता साउंडवाला म्हणाला, “ताई, शेवटच्या सीनला शांतताच नाहीये.”

मी कपाळावर हात मारला. आई गेल्यापासून तिची फिल्म पुरी करण्याच्या चौदा महिन्यांत ही सवयच लागली होती. आधी हार्ड डिस्क रुसली. मग संकलकाचं लग्न ठरलं, मग मोडलं, आणि दोन्ही वेळा त्याला सुट्टी हवी होती. दोन महोत्सवांनी नकार कळवला. राहिला हा तिसरा. त्याच्या नियमाप्रमाणे चित्रीकरण तीन वर्षांच्या आतलं लागतं, म्हणजे पुढच्या वर्षी आमची फिल्म बाद. आणि आईला पाठवायची होती ती इथेच. फॉर्ममध्ये दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव तिने हॉस्पिटलातून भरून ठेवलं होतं.

फिल्ममध्ये एक माणूस आपल्या बहिणीचं घर आवरून निघून जातो. तो माणूस म्हणजे माझा मामा, आणि घर आमचंच. तो गेल्यावर कॅमेरा एक मिनिट रिकाम्या स्वयंपाकघरात थांबतो. शूटिंगच्या वेळी खालच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला ड्रिल लावलं होतं, म्हणून त्या चित्राखाली त्याच खोलीची नुसती शांतता लावायची होती. आई प्रत्येक जागेची शांतता वेगळी रेकॉर्ड करायची, सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करून.

“फाइल आहे की,” मी म्हणाले.

“पाच आहेत. पाचांतही कुणीतरी श्वास घेतंय.”

तो दिवस मला चांगलाच आठवत होता. पहिल्या टेकनंतर आईने हेडफोन काढले. “कोण फुसफुसतंय?” मामाला बाहेर काढलं. दुसऱ्यानंतर कॅमेरावाल्याला. तिसऱ्यानंतर माझ्याकडे वळून म्हणाली, “लहानपणापासून नाकाने शीळ घालतेस तू. हो बाहेर!” मी तरातरा निघाले ती थेट माझ्या घरी. आठ दिवस तिला फोन केला नाही.

साउंडवाल्याने चौथी फाइल लावली, मग पाचवी. फ्रिजची घरघर आणि तिच्यावर श्वास. आत जाताना बारीक चिरकणारा, बाहेर येताना अडखळणारा. पाचवीच्या शेवटी आईचा वैतागलेला आवाज: “आता कोण राहिलंय रे इथे?”

कुणीच राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो दाखवला, तो त्यानंतर तीन महिन्यांनी.

“साफ करता येईल,” साउंडवाला चाचरत म्हणाला, “पण श्वासाबरोबर फ्रिजचाही आवाज फाटतो. नाहीतर असाच ठेवू या. आईंचाच आहे, ताई. कळलं तर लोकांना आवडेल.”

“तो काढायला तिने पाच टेक घेतले,” मी म्हणाले. “रेकॉर्डर द्या.”

मामा आईच्या घराची चावी घेऊन आला. फ्रिज आम्ही बंद करून, दार उघडं टाकून ठेवला होता. बटण दाबलं, तो ढिम्म. मामाने त्याच्या कुशीत एक चापट मारली. फ्रिज घरघरायला लागला.

“बघ,” मामा म्हणाला, “या घरात माझं ऐकणारा हा एकटाच.”

पहिल्या टेकला त्याचा गुडघा कटकन वाजला.

“मामा, बाहेर हो.”

“झालं! आली आईच्या वळणावर.”

दुसऱ्या टेकला खोलीत मी एकटी. हेडफोनमध्ये नीट ऐकलं. शीळ होती. तेवढ्यापुरती आई बरोबर होती.

चार वाजत आले होते. मग माझ्या डोक्यात उजेड पडला: इथे माणूस लागतोच कशाला? आई रेकॉर्डर कधी एकटा सोडायची नाही. गर्दीत पोर धरावं तसा छातीशी धरून बसायची. मी तो ओट्यावर ठेवला, चालू केला, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. मामाने तोंड उघडलं, मी डोळे वटारले. एक मिनिट आम्ही दोघं बंद दाराकडे बघत उभे राहिलो, काही गरज नसताना श्वास रोखून.

पाचच्या सुमारास साउंडवाल्याने ते मिनिट डोळे मिटून ऐकलं.

“मस्त. आता कुणीच नाही आत.”

“हो,” मी म्हणाले. “लावा.”

फिल्म अपलोड होताना नव्याण्णव टक्क्यांवर अकरा मिनिटं अडून बसली. साउंडवाल्याने देवाचं नाव घेतलं, मी दुसरंच काहीतरी. सहाला आठ मिनिटं असताना मेल आली. ‘प्रिय दिग्दर्शक, आपली प्रवेशिका पोचली. निकाल चार महिन्यांनी. मधल्या काळात कृपया चौकशी करू नये.’ वर आईचं नाव.

मामाचा फोन आलाच.

“पोचली?”

“पोचली.”

“माझा शिडीवरचा सीन?”

“आहे, मामा.”

“बरं. मी अजून इथेच आहे गं. फ्रिज बंद करू?”

“राहू दे चालू,” मी म्हणाले.

“मग दूध तरी आणून ठेवतो. उगाच रिकामा कशाला घरघरतोय.”