आई गेली, बाप ठीक आहे

थोरल्याच्या दुकानात मदरबोर्डला मदरबोर्ड कुणी म्हणत नसे. आई म्हणत. ही नावं धाकट्या भावाने पाडलेली. मदरबोर्ड म्हणजे आई, कारण सगळा संसार तिच्या अंगाखांद्यावर. पॉवर सप्लाय म्हणजे बाप, कारण पुरवठा त्याच्याकडे. प्रोसेसर म्हणजे आजोबा, कारण ते लवकर तापतात. बाहेरच्या माणसाने ऐकलं तर त्याला वाटावं, हे दोघे भाऊ संगणक दुरुस्त करतात की लग्नं जुळवतात?

अर्थात ‘हे दोघे भाऊ’ असं म्हणायची सोय चौदा महिन्यांपूर्वीच संपली होती. धाकट्याला सगळे चिमटा म्हणत. अंगाने तसाच, आणि कुठल्याही फटीत पडलेला स्क्रू बोटांनीच उचलून काढणारा. एकदा थोरल्याने एका गिऱ्हाइकासमोर ऐटीत जाहीर केलं, “आई गेली, बोर्ड बदलावा लागेल.” चिमट्याने तिथल्या तिथे मेमरीची पट्टी उपसली, खोडरबराने तिचे दात घासले, पट्टी परत बसवली आणि संगणक सुरू झाला. “दादा, गेली कुठे? नुसती दातखीळ बसली होती!” गिऱ्हाईक खो खो हसलं. थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “एवढं येतंय तर काढ की स्वतःचं दुकान!” उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. चिमट्याने खरंच काढलं, बसने दोन तासांच्या अंतरावर.

तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. दुकानाच्या वरच्याच मजल्यावर दोघांची आई राहायची. तिच्याकडे हा त्याची चौकशी करायचा, तो ह्याची, आणि दोघंही ‘सहज विचारलं’ म्हणायचे. थोरल्याला तो परत यायला हवा होता. रोज शटर वर करताना त्याला ते वाटायचं आणि रोज तो स्वतःलाच सांगायचा, लहान तो आहे, त्याने फोन करावा. हट्टी माणसाला कारण कमी पडत नाही.

त्या दिवशी सकाळी वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंचा संगणक टेबलावर होता. सतरा हजार पुस्तकांची यादी त्यात, आणि यंत्र चार दिवसांपासून मुकं. पंखे फिरत, पण पडदा काळा आणि साधी शिट्टीसुद्धा नाही. थोरल्याने मेमरीच्या पट्ट्या एकेक करून लावून पाहिल्या. बोर्डावरचा बटणाएवढा सेल बदलला. खोडरबरही घासलं, आणि घासताना ज्याची आठवण यायची त्याची आली. शेवटी बोर्ड बाहेर काढून उजेडात धरला, तेव्हा कळलं. प्रोसेसरशेजारच्या तीन कपॅसिटरची डोकी टम्म फुगली होती आणि एकातून तपकिरी चिकट काहीतरी गळलं होतं. बाईंना नाही तरी जास्त वेगाचं यंत्र हवंच होतं. म्हणजे बोर्ड नवा, मेमरी दुप्पट, डिस्क तीच.

त्याने सुटे भाग पुरवणाऱ्या मालवाल्याला कळवायला फोन उचलला. पूर्वी तो, चिमटा आणि मालवाला अशा तिघांचा एक ग्रुप होता, ‘दुकान’ नावाचा. भांडणानंतर थोरला मालवाल्याला वेगळा मेसेज पाठवू लागला होता. पण चिमटा त्या ग्रुपमधून बाहेर पडला नव्हता, आणि त्याला काढायला थोरल्याचा हात कधी धजला नव्हता. त्या सकाळी चष्मा कपाळावर होता. बोट नको तिथे, ‘दुकान’वरच पडलं. त्याने लिहिलं, “आई गेली.” मग सप्लाय तपासायला तो टेबलाखाली शिरला. अर्ध्या तासाने बाहेर येऊन त्याने पुढचं लिहिलं: “बाप ठीक आहे. नवी आई आणि दुप्पट मेमरी पाठव.” मालवाल्याने होकाराचा अंगठा पाठवला. थोरल्याने फोन फोमच्या खोक्यात टाकला. काम करताना तो फोन मुका ठेवायचा.

अकरा वाजता नवा बोर्ड आला. साडेबाराला आई वरून डबा घेऊन खाली आली आणि स्टुलावर बसून त्याच्या शर्टाला बटण लावू लागली. शर्ट त्याच्या अंगातच होता, त्यामुळे त्याला हलता येईना. अशा अवस्थेत दारात चिमटा उभा राहिला.

केस विस्कटलेले, डोळे लाल. थोरल्याकडे त्याने पाहिलंही नाही. सरळ आईसमोर जाऊन खाली बसला आणि तिचे दोन्ही हात धरून नुसता बघत राहिला.

“अरे, सुई टोचेल!” आई म्हणाली. “चिमट्या? तू कसा काय? झालंय काय तुला?”

“तुला काही नाही ना झालेलं?”

“मला काय होतंय? गुडघे सोडले तर घोडी आहे मी.”

मग त्याने थोरल्याकडे मान वळवली. “असं लिहितात का रे दादा? नुसतं ‘आई गेली’? पायाखालची जमीन सरकली माझ्या! चार फोन केले. तू उचलत नाहीस, हिचा बंद!”

“बॅटरी वाचवत होते,” आई म्हणाली. मग सगळा उलगडा झाल्यावर तिने सुई शर्टातच खोचून ठेवली. “म्हणजे मी गेले, आणि मलाच कुणी कळवलं नाही होय!”

ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. चिमटाही हसत होता आणि बाहीने नाक पुसत होता. थोरल्याला हसावं की रडावं समजेना. त्याने खोक्यातून फोन काढला. चार कॉल येऊन गेलेले, सगळे दहा ते साडेदहाच्या मधले. साडेदहाला त्याने दुसरा मेसेज टाकला होता. त्यानंतर एकही कॉल नव्हता. बाप ठीक आहे असं वाचून न समजायला चिमटा काही परका नव्हता. बाप जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आई चिमट्याचंही ताट वाढायला वर गेली तेव्हा थोरल्याने विचारलं, “दुसरा मेसेज बघितला होतास?”

“बघितला. बसमध्ये, वाटेतच.”

“मग?”

“मग काय. उतरता आलं असतं, परतीची बस समोरच उभी होती.” चिमटा टेबलावरच्या फुगलेल्या कपॅसिटरवरून बोट फिरवत होता. “पण त्या अर्ध्या तासात मी काय काय बोललो मनातल्या मनात, दादा. तुझ्याशीच. ते बोलून झाल्यावर परत कसा फिरू?” त्याने बोर्ड उजेडात धरला. “गेलीच आहे ही. बरोबर आहे तुझं.”

थोरल्याला बोलायचं पुष्कळ होतं. तो म्हणाला, “जेवून घे आधी.”

दुपारी ग्रंथपालबाई आल्या आणि खुर्ची ओढून समोरच बसल्या. यादीच्या काळजीने त्यांना चार दिवस झोप नव्हती, आणि हे त्यांनी तीनदा सांगितलं. थोरल्याने नवा बोर्ड कॅबिनेटच्या डब्यात बसवला, तारा जोडल्या आणि बटण दाबलं. पंखा अर्धा वळसा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा वळसा.

“नवीन आहे ना हो हा?” बाई म्हणाल्या.

थोरल्याने मेमरी बदलून पाहिली. बाप बदलून पाहिला. त्याच्या मानेवर घाम आला. गिऱ्हाईक समोर, भाऊ शेजारी, आणि यंत्र हट्टाला पेटलेलं. चौदा महिन्यांपूर्वीचा तोच खेळ पुन्हा मांडल्यासारखं त्याला झालं. चिमटा बॅटरीचा उजेड धरून वाकला होता. वाकता वाकता तो थबकला आणि कानाची पाळी चोळू लागला. थोरल्याला ती खूण लहानपणापासून ठाऊक होती. त्याला चूक सापडली होती.

आता बोलेल, थोरल्याला वाटलं. पण चिमट्याची अळीमिळी गुपचिळी. त्याने बाईंकडे पाहिलं आणि म्हणाला, “बाई, वर जाऊन बसता का थोडा वेळ? आईला सोबत होईल, इथे उकडतंय.”

बाई उठूही लागल्या. थोरल्याच्या ध्यानात आलं. हा त्याची लाज झाकत होता. बाई वर जातील, हा हळूच सांगेल, आणि त्या खाली उतरेपर्यंत यंत्र जणू थोरल्यानेच सुरू केलेलं असेल. शिकला होता पोरगा. चौदा महिन्यांत थोरला मात्र काही शिकला नव्हता, आणि ते त्याला आता खरंच टोचलं.

“बसा बाई,” तो म्हणाला. “चिमट्या, काय दिसलं ते बोल.”

“काही नाही रे. तुला दिसेलच.”

“बोल म्हणतोय ना.”

चिमट्याने एकदा बाईंकडे, एकदा भावाकडे पाहिलं. “डावीकडची मधली खुंटी राहिली, दादा.”

बोर्ड डब्याच्या पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पितळी खुंट्या असतात आणि बोर्डाच्या भोकांतून त्यांच्यावर स्क्रू बसतात. जुना बोर्ड मोठा, त्याला नऊ खुंट्या. नवा लहान, त्याला सहा पुरतात. उरलेल्या तीन काढायच्या असतात. थोरल्याने दोन काढल्या होत्या. तिसरी नव्या बोर्डाच्या पाठीला टेकून वीज पत्र्यात सोडत होती. अशी चूक शिकाऊ माणसाने केली असती तर थोरल्याने त्याला दिवसभर ऐकवलं असतं.

“चूक माझी,” थोरला बाईंना म्हणाला. आवाज जरा मोठाच लागला. “हा माझा भाऊ. ह्याला माझ्याआधी दिसतं. पहिल्यापासून दिसतं. मला ते सहन होत नव्हतं, एवढंच.”

बाईंना यातलं काहीच कळलं नाही. “पण यादी राहील ना?” त्यांनी विचारलं.

चिमट्याने बोर्डाचे स्क्रू काढायला घेतले. एक खाली पडला, जे त्याच्या हातून कधी होत नसे. खुंटी निघाली. बोर्ड परत बसला. आता बोर्ड जळला असला तर? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“तू दाब,” थोरला म्हणाला.

चिमट्याने बटण दाबलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. एक छोटी शिट्टी वाजली आणि पडदा उजळला. थोड्या वेळाने सतरा हजार पुस्तकं अकारविल्हे उभी राहिली. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या पडद्याजवळ तोंड नेऊन आपली आवडती पुस्तकं जागेवर आहेत का ते बघू लागल्या.

“आत्ताच नेऊ का?” त्या म्हणाल्या.

“नको,” चिमटा पटकन म्हणाला. “नवा बोर्ड आहे, चालवून बघायला हवा. दोन दिवस तरी. मी स्वतः बघतो.”

तासाभराची तपासणी पुरते, हे थोरल्याला माहीत होतं. थोरल्याला ते माहीत आहे, हे चिमट्यालाही माहीत होतं. तो कॅबिनेटचा पत्रा उगाच पुसत खाली बघत उभा होता.

“दोन दिवसांनी काय होतंय?” थोरला म्हणाला. “आठवडा लागेल बाई. आठवड्याने या.”

बाई कुरकुरत गेल्या. थोरल्याला इतकं हलकं वाटलं की त्याला स्टुलावर बसावं लागलं, आणि बसल्याबसल्या त्याने वर हाक मारली, “आई, चिमट्याचं अंथरूण काढून ठेव गं!”