ओव्हनमध्ये गेलेला डावा दिवा

मी डावा हेडलाइट, एका जुन्या निळ्या गाडीचा. निवांत बसून बोलायची मला सवय नाही, त्यामुळे बोलण्यात मागचंपुढचं झालं तर सांभाळून घ्या. आमची जात धावणाऱ्यांची. उभं राहिलं की जीव कासावीस होतो, आणि मी तर गेले आठ महिने गॅरेजमधल्या एका फळीवर पडून आहे.

कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईने माझ्या पोटातल्या आरशावर फुंकरसुद्धा मारू दिली नव्हती. हातमोजे घालून, श्वास रोखून तिने तो आत बसवला, वरून पारदर्शक झाकण चिकटवलं आणि शेजारणीला म्हणाली, "याला बोट लागलं की संपलं." मला वाटलं, काय कौतुक चाललंय माझं! तो धोक्याचा इशारा होता, हे फार उशिरा कळलं.

मला आणि उजव्याला, म्हणजे माझ्या भावाला, घरी आणलं ते पडदे शिवणाऱ्या एका शिंप्याने. त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांची बायको इस्पितळाच्या चादरी-कपड्यांच्या कोठीवर कामाला. तिला गल्ली मास्तरीणबाई म्हणायची, मी नुसतं बाई म्हणतो. बाईंची पाळी साडेसहाला सुटायची आणि सव्वासहाला मास्तर गाडी बाहेर काढायचे. चौदा वर्षं त्यात खंड नाही. लायसन्स बाईंकडेही होतं, पण ते कपाटात कपड्यांच्या घडीखाली. "मी असताना तू कशाला त्रास घेतेस?" हे मास्तरांचं ठरलेलं उत्तर. त्या अर्ध्या तासासाठी हा माणूस दिवसभर मशीनवर पाय हलवत असायचा, असं मला कायम वाटायचं.

मग गेल्या वर्षी काहीतरी बिनसलं. मास्तर वळणावर उगाच हळू व्हायला लागले. समोरून गाडी आली की मान पुढे काढून, डोळे बारीक करून बघायचे. एका संध्याकाळी इस्पितळाच्या कोपऱ्यावर सायकलवरची एक बाई मला लांबूनच दिसली होती. तिच्या टोपलीतले फुलकोबीचे गड्डेसुद्धा मी मोजून दाखवले असते. मास्तरांनी ब्रेक दाबला तेव्हा ती हातभर अंतरावर होती.

ती ओरडली, "झोपलात काय?"

बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मास्तर घाम पुसत म्हणाले, "दिवे मंद झालेत गं. पार गेलेत."

मंद? मी? अहो, माझं झाकण जरा पिवळट झालं होतं, कबूल. पण प्रकाशात मी रतीभर कमी पडलो नव्हतो. मला तिथेच ओरडून सांगायचं होतं आणि मला तोंड नव्हतं. ती तगमग कुणाच्या वाट्याला येऊ नये.

"मग मेकॅनिककडे टाका गाडी," बाई म्हणाल्या.

"मेकॅनिक काय करणार? नवीन घ्या म्हणणार. मी घरीच उघडतो. लोक उघडतात, मी बघितलंय मोबाइलवर. आतून काळा रंग मारायचा, कडेने पांढऱ्या लाइटची रिंग लावायची, झाकण घासून स्वच्छ करायचं. बघच तू."

रविवारी आमचं बंपर निघालं. वायरी सुटल्या, बल्ब निघाले. निघालेला प्रत्येक स्क्रू मास्तरांनी बटणांच्या डबीत कप्प्याकप्प्याने ठेवला, शिंपीच तो! आणि मग आमची वरात निघाली ती थेट स्वयंपाकघरात.

"अहो, हे काय?" बाई ओव्हनसमोर आडव्या उभ्या राहिल्या.

"दहा मिनिटं. आतला डिंक मऊ झाला की झाकण सुटतं."

"त्यात मी केक करते!"

"तर आज दिवा कर."

आणि मी गेलो आत, लाकडी पाटावर बसून. त्या दहा मिनिटांत मला पळता भुई थोडी झाली असती, पाय असते तर. बाहेर आलो तेव्हा कडेचा काळा चिकट थर गूळ वितळल्यासारखा झाला होता. कुणी दुसऱ्याने स्क्रूड्रायव्हर खुपसून खटकन मोडलं असतं. मास्तर मात्र बोटांनी चाचपत, इंचाइंचाने पुढे सरकत होते. "शिवण उसवायची असते, फाडायची नसते," असं स्वतःशीच पुटपुटत होते. बघतही नव्हते फारसं. सगळं बोटांवर चाललं होतं. मला ते कौशल्य वाटलं. मूर्खच मी.

पुन्हा चिकटवायला सीलंट कमी पडलं म्हणून मास्तर दुकानात गेले. टेबलावर मी उघडा पडलो होतो, पोटातला आरसा छताकडे करून. बाई चहा घेऊन आल्या. माझ्या आरशावर डिंकाचा एक ठिपका आणि अंगठ्याचा ठसा होता. आता ही बाई इस्पितळाच्या चादरींवरचे डाग काढण्यात जन्म घालवलेली. डाग दिसला आणि हात स्वस्थ बसला, असं कधी झालंच नाही. त्यांनी भांड्यांची पावडर घेतली, घासणी घेतली आणि नवऱ्याला मदत म्हणून मनापासून मला घासलं.

माझी चांदी त्यांच्या घासणीवर आली.

"अगं बाई!" त्या एवढंच म्हणाल्या. तळहाताएवढा भाग करडा, निर्जीव होऊन बसला. त्यांनी फडक्याने पुसून पाहिलं, पदार्थाला मीठ जास्त झाल्यावर बघतात तसं इकडून तिकडून पाहिलं. मग मला पालथं ठेवलं आणि घासणी कचऱ्याच्या तळाशी दडपली. मला राग यायला हवा होता. पण त्या चोरासारख्या दाराकडे बघत होत्या, त्यामुळे रागही धड येईना.

मास्तर आले. त्यांनी मला हातात घेतलं, आत डोकावले आणि म्हणाले, "वा, चकचकीत!" बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. त्यांना वाटलं, आत्ता घाईत आहेत, मागाहून कळेल आणि मग बोलणी खावी लागतील.

तिन्हीसांजेला आम्हाला परत जागेवर बसवून गाडी घरामागच्या भिंतीसमोर उभी केली. मास्तरांनी टेपने उंची मोजली, शिंप्याच्या खडूने भिंतीवर आडवी रेघ मारली आणि दिवे लावले. उजव्याचा झोत रेघेखाली लख्ख पसरला. माझा झोत मधोमध भोक पडल्यासारखा झाला, उरलेला नुसता फिकट डाग. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मान खाली घालून ओरड्याची वाट बघत होत्या.

"बघ!" मास्तर म्हणाले. "दोन्ही कसे एका मापाचे! झकास! उद्यापासून बिनघोर."

बाईंनी मान वर केली. भिंतीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मीही पाहिलं. मास्तरांचे डोळे भिंतीवर होते आणि चेहरा आनंदाने फुलला होता.

"अहो," बाई अगदी हळू म्हणाल्या, "डावा दिवा मी बिघडवलाय. घासणीने घासला. अर्धी भिंत काळी आहे."

मास्तर हसले. मग हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. ते भिंतीजवळ गेले, खडूच्या रेघेवर तळवा टेकवून डावीकडे सरकवत नेला. हात अंधारात गेला तरी ते थांबले नाहीत.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"आत्ता."

"मला वर्ष झालं." तळव्याला लागलेला खडू झटकत ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तुला आणायला कोण आलं असतं?"

"मेली असती ती सायकलवाली, तरी सांगितलं नसतंत?" बाई रडत होत्या आणि भांडत होत्या, दोन्ही एकदम. मास्तर गाडीपाशी आले आणि चाचपडत किल्ली काढून बाईंच्या हातात ठेवली.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपायचं. मास्तरांचं गाडी चालवणं बंद. माझ्या जागी भंगारातून दुसरा डावा आला. कपड्यांखालचं लायसन्स बाहेर आलं. पहिले पंधरा दिवस बाईंनी गाडी अशी चालवली की उजव्याची मला काळजी वाटायची. आता झकास चालवतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. रस्ता अंधारा वाटला, तर आम्हाला उघडण्याआधी एकदा डोळे दाखवून या. आम्ही खोटं बोलत नाही हो. आम्हाला कुणी विचारतच नाही.

रोज सव्वासहा वाजले की मास्तर गॅरेजमध्ये येतात. स्टुलावर बसतात, मांडीवर पडद्याची दुमड घेतात आणि एक टाका घालत नाहीत. चपला हलवत राहतात. "अजून कशी आली नाही?" असं मला विचारतात. मलाही चैन नसते. दोघंही कान रस्त्याला लावून असतो. प्रत्येक इंजिनाला मास्तर उठतात, पुन्हा बसतात.

मग ते एक इंजिन येतं. मास्तर शटर वर ओढून वाटेतच उभे राहतात आणि बाई काचेतून ओरडतात, "अहो, बाजूला व्हा ना! दिसत नाही का मी येतेय ते?"

आणि जीभ चावतात.

"दिसतं गं," मास्तर म्हणतात. "तू येतेस तेवढं दिसतं."