डेल्फीचा निकाल

ही गोष्ट २०२३ सालची. सोलापूरच्या कोर्टात, नक्कल विभागात चौतीस वर्षं टायपिंग करून प्रभाताई निवृत्त झाल्या, त्यालाही पंधरा वर्षं होऊन गेली होती. त्यांची भाची उत्कर्षा नवी पेठेतल्या एका दुकानाच्या माडीवर बसून, एका कंपनीसाठी अमेरिकेतल्या जुन्या कोर्टांचे कागद संगणकावर उतरवायची. ते वळणदार अक्षर पोरीला लागेना, म्हणून प्रभाताई रोज दुपारी जाऊन शेजारी बसू लागल्या.

त्या दिवशी डेल्फीचा दावा निघाला. साल १८३४. डेल्फी गुलाम होती. मालकाने तिला काही वर्षं गुलामगिरी नसलेल्या राज्यात ठेवलं होतं, म्हणून आता मी मुक्त आहे, असं म्हणून तिने मालकावरच दावा लावलेला.

"आत्या, गुलामाला कोर्टात जाता यायचं?"

"ही गेली की. वाच पुढं."

त्याच बंडलात मालकाच्या चीजवस्तूंची यादी होती. नांगर एक, घोडी दोन, डेल्फी, वय तीस. प्रभाताईंनी जन्मभर जप्तीच्या याद्या टाइप केल्या होत्या. हंडे, सायकली, यंत्रमाग. माणूस कधी आला नव्हता. आणि त्या यादीतली बाई उठते, कोर्टात जाते, सहीच्या जागी फुली मारते. पडद्यावरच्या त्या फुलीवर त्यांनी बोट ठेवलं, ते बराच वेळ काढलंच नाही.

सात वर्षं तारखा पडल्या. शेवटी निकालाचं पान आलं, तर नेमक्या निकालाच्याच ओळीवर, पान फाटलं म्हणून, कुणीतरी कागदाची पट्टी चिकटवलेली.

"वाचता येत नाही, असं लिहून टाकते," उत्कर्षा म्हणाली. "चारला बंडल पाठवायचंय."

"सात वर्षं थांबली गं ती. आणि तिचं काय झालं ते न लिहिताच पाठवणार तू?"

"मग काय करू, अमेरिकेला जाऊन पट्टी सोलू?"

प्रभाताईंना कार्बन आठवला. नोकरीत नव्या असताना त्यांनी एकदा तो उलटा घातला होता. सगळा मजकूर पानाच्या पाठीवर उलटा उमटला. त्यांनी तो पावडरच्या डबीतल्या आरशात वाचून दाखवला, तेव्हा अख्खा विभाग हसला होता.

"या पानाची पाठ आहे का संगणकात?"

होती. शाई आरपार उतरली होती.

"आरसा आण."

"त्याला बटण असतं, आत्या."

उत्कर्षाने चित्र फिरवलं. दोघी एकेक अक्षर लावत गेल्या. ज्यूरीचं म्हणणं असं, की दावा लावणारी बाई मुक्त आहे.

न्यायाधीश आत आले की राहायच्या, तशा प्रभाताई उभ्या राहिल्या.

"काय झालं?"

"काही नाही. टाइप कर."

डेल्फी पुढच्या कागदांत एकदाच दिसली, मुक्त झालेल्या काळ्या माणसांना काम करायला घ्यावा लागायचा तसल्या, धुणं धुण्याच्या परवान्यावर, आता आडनावासकट. उत्कर्षा लग्न होऊन अकलूजला गेली. तिथूनच काम करते, अक्षर आता तिला एकटीला लागतं. डेल्फीच्या वंशातली एक शिक्षिका पूर्वजांची दफनभूमी वाचवायला कोर्टात गेली आणि तो निकाल तिने दाव्याला जोडला, असं कंपनीकडून कळलं. दावा अजून चालू आहे. प्रभाताईंची पंचाहत्तरी झाली. त्या अकलूजला फोन करून पुढची तारीख तेवढी विचारतात.