वरचा मिठाचा थर

दगड दिसला की त्याला जीभ लावायची, ही सासऱ्यांची खोड घरात सगळ्यांना पाठ होती. आयुष्यभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं, पण भिंगापेक्षा जिभेवरच त्यांचा भरवसा जास्त. या घरात राहायला आले त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातल्या ओट्यालासुद्धा जीभ लावली होती आणि ठेकेदाराने कसं गंडवलंय ते सगळ्यांना ऐकवलं होतं. सून खनिजांच्या प्रयोगशाळेत कामाला होती, तिला याची गंमतच वाटायची. तेवढंच घरात तिच्या कामातलं कळणारं कोणीतरी होतं.

काल नमुना घरी आणताना हे सगळं तिला आठवायला हवं होतं. एका ज्वालामुखीवरच्या, वाफा फुसफुसणाऱ्या भोकातून काढलेला काळपट हिरवा स्फटिक, तांदळाच्या दाण्याएवढा, वर पांढऱ्या मिठाचा थर. दमट हवेत असलं मीठ पाणी धरतं आणि नमुन्याची वाट लागते. प्रयोगशाळेतली कोरडी पेटी नेमकी बंद पडली होती, म्हणून तिने तो घरी नवऱ्याच्या कॅमेऱ्यांच्या कोरड्या पेटीत ठेवला. ठेवण्याआधी सासऱ्यांना कौतुकाने दाखवलाही. या गडबडीत ती भाजीत मीठ घालायला विसरली. नवऱ्याने तोंड वाकडं केलं. सासऱ्यांनी मात्र "छान झालंय" म्हणत दोनदा वाढून घेतली. माणूस मनाने किती मोठा, असं तिला वाटलं.

आज सकाळी तिने तो परत प्रयोगशाळेत नेला आणि दुपारी यंत्राने उत्तर दिलं. तांबं, ऑक्सिजन आणि आर्सेनिक; सोमल हे विष ज्याचं बनतं तेच. तिने स्फटिक पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एका बाजूचं मीठ साफ गेलं होतं, अगदी कोणी चाटून घ्यावं तसं.

तिने घरी सासऱ्यांना फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं, तर त्यांनी उलट तिलाच विचारलं, "ते पाण्यात विरघळतं का?" एवढं दुर्मीळ खनिज, त्याबद्दल कुठे ओळ सापडेना. तिने एक कण पाण्याच्या थेंबात टाकला. मीठ विरघळलं, हिरवा कण ढिम्म. तिच्या जिवात जीव आला. मग तिला पोटातलं आम्ल आठवलं. दुसरा कण आम्लात टाकला आणि थेंब बघता बघता हिरवा झाला. डॉक्टरीणबाईंना घरी यायला सांगून ती पर्ससुद्धा न घेता निघाली, अर्ध्या जिन्यावरून पर्ससाठी परत आली.

बस थांबली की ती उठून उभी राहायची, सुटली की बसायची. शेवटी शेजारच्या बाईने तिला खिडकीची जागा हवी आहे का, असं विचारलं. तिला काहीच नको होतं. नवऱ्याला काय सांगायचं, हे एकच डोक्यात घोळत होतं. त्याच्या वडिलांना मी विष आणून दाखवलं, हे?

सासरे बाल्कनीत निवांत पेपर वाचत बसले होते. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला.

"बाबा, त्या हिरव्या खड्याला जीभ लावलीत?"

"लावली की," ते म्हणाले.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई वर आल्या. नाडी, पोट, डोळे, सगळं पाहिलं, सुनेच्या दोन थेंबांची हकिकत ऐकून घेतली. जिभेला लागलं ते जवळजवळ मीठच, घाबरण्यासारखं काही नाही, तरी उद्या तपासणी करून घेऊ, असं सांगून गेल्या. मग कुठे ती खुर्चीत बसली आणि सासऱ्यांवर भडकली. एवढे शिकलेले तुम्ही, पोरांना काय शिकवलंत, असं बरंच काही बोलली. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, पण मास्तरकी काही सुटेना.

"तुझं एक काम तरी केलं ना? लिहून टाक, चव नाही. काही म्हणजे काही लागलं नाही."

"असं कसं होईल? वरचा थर मिठाचा होता, बाबा. तुम्ही चाटलंत ते मीठ होतं."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मागे तो ताप आला होता ना," ते हळूच म्हणाले, "तेव्हापासून चवच कळत नाही. तू एवढं राबून करतेस, तुला काय सांगायचं? म्हटलं, दगडाची तरी लागते का बघू."

तिला कालची भाजी आठवली आणि रडूच कोसळलं. दिवसभर ती ज्याच्या मागे धावली ते विष त्यांच्या पोटात गेलंच नव्हतं, आणि हे चव गेल्याचं दुखणं मात्र इतके महिने रोज तिच्याच समोर ताटावर बसत होतं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी पहिला घास घेतला, सवयीने काही म्हणायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

"तूच सांग."

तिने एक घास खाल्ला, नीट चावला.

"मीठ जरा जास्त पडलंय, बाबा. मिरी आधी कळत नाही, मागाहून घशाशी लागते. टोमॅटो आंबट आहे."

ते डोळे मिटून सावकाश चावत होते.

"आणखी?" त्यांनी विचारलं.